नोंद नेमकी कोणी करायची? पुण्यातल्या रुग्णालयांच्या संगणकीकरणामागची गोष्ट

मे 2021. मुंबई उच्च न्यायालयात कोविडसंबंधी सुनावणी चालू होती. कुठल्या रुग्णालयात किती खाटा रिकाम्या आहेत हे ऑनलाइन दाखवणाऱ्या पुण्याच्या डॅशबोर्डवर खाटा रिकाम्या दिसत होत्या. सुनावणी सुरू असतानाच महापालिकेच्या हेल्पलाइनला फोन लावला गेला, तर पलीकडून उत्तर आलं: व्हेंटिलेटरची खाट नाही. टीकेचा रोख साहजिकच डॅशबोर्डवर गेला. पण डॅशबोर्ड काय, जेवढं भरलं तेवढंच दाखवणार. रुग्णालयांनी आपापले आकडे भरायचे होते, आणि दुसऱ्या लाटेत रिकामी झालेली खाट काही मिनिटांत भरत होती. त्या मिनिटांत संगणकापाशी बसायला माणूस कुठून आणायचा?

पुण्यातल्या आरोग्यसेवेच्या संगणकीकरणाचा मागोवा घेतला, तर गाडं यंत्रापाशी फारसं अडलेलं दिसत नाही. अडलं ते ‘हे काम कोणाचं’ या प्रश्नापाशी.

ससून रुग्णालय 1867 सालचं. अशा मोठ्या सरकारी रुग्णालयाची घडी केसपेपरवर बसलेली असते. खिडकीवर केसपेपर निघतो, ओपीडीत निवासी डॉक्टर त्यावर दोन-चार ओळी खरडतो, तोच कागद घेऊन रुग्ण रक्त द्यायला जातो आणि तोच दाखवून औषधं घेतो. म्हणजे माहितीची ने-आण रुग्ण स्वतःच्या पायांनी करतो आणि रुग्णालयाला त्यासाठी छदामही मोजावा लागत नाही. संगणक आला की हीच माहिती प्रत्येक टेबलावर कोणीतरी टाइप करावी लागते. गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाला जेमतेम काही मिनिटं मिळतात. त्यात लॉगिन, शोध आणि टायपिंग बसवायचं म्हणजे एक तर रांग वाढते, नाहीतर डॉक्टर कागदावर लिहितो आणि संध्याकाळी इंटर्न ते संगणकात उतरवतो. यातला दुसरा मार्गच बहुतेक वेळा निवडला जातो. मग कागदही राहतो, संगणकही राहतो, आणि काम दुप्पट होतं.

खासगी रुग्णालयांत संगणक वेगळ्या दारानं आला: बिलिंगच्या खिडकीतून. 2001 मध्ये विमा नियामकानं टीपीएंसाठी, म्हणजे विमा कंपन्यांच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठी, नियम केले आणि पुढे कॅशलेसचा, म्हणजे विम्यातून थेट रुग्णालयाला पैसे मिळण्याचा, जोर वाढत गेला, तसं बिल संगणकावर असणं अपरिहार्य झालं. तिथे पैसा थेट दिसत होता, म्हणून माणसंही नेमली गेली. वॉर्डातला इनडोअर पेपर, म्हणजे दाखल रुग्णाच्या उपचारांची नोंद, मात्र अनेक ठिकाणी हातानंच लिहिला जात राहिला. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनं दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायला आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायला सांगितलं होतं, पण तेवढं रेकॉर्ड रूममधल्या गठ्ठ्यांतूनही भागत होतं.

गंमत अशी की तंत्रज्ञानाच्या बाबतीत पुण्याला कुणापुढे हात पसरायची गरज नव्हती. सीडॅक ही केंद्र सरकारची संगणक-संशोधन संस्था इथलीच, 1988 मध्ये सुरू झालेली. 1991 मध्ये ‘परम’ महासंगणक करणाऱ्या या संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेसाठी रुग्णालयाची संपूर्ण माहितीप्रणाली उभी करण्यात भाग घेतला. केंद्रानं इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं 2013 मध्ये जाहीर केली आणि 2016 मध्ये सुधारली. त्या मानकांसाठीचं राष्ट्रीय केंद्रही पुण्यातल्या सीडॅकमध्येच आहे. मानकं पुण्यातून देशभर समजावली जातात, आणि इथल्याच अनेक दवाखान्यांत आजही लेटरहेडवर चिठ्ठी लिहून मिळते.

याला छेद देणारं उदाहरण शहराबाहेर सापडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात वढू बुद्रुक परिसरात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. त्याच भागातल्या 22 गावांत 2002 पासून घरोघरची जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नोंद नियमितपणे ठेवली जाऊ लागली. हे टिकण्याचं कारण मला साधं वाटतं: घरोघर जाऊन नोंद करणं हेच तिथे नेमलेल्या माणसांचं काम होतं, आणि त्याचा त्यांना पगार मिळत होता. आशा सेविकांचं नेमकं उलट झालं. मूळ काम तेवढंच ठेवून वर एकेक ॲप चढत गेलं, आणि ऑनलाइन कामांचा बोजा हा त्यांच्या आंदोलनातला तक्रारीचा मुद्दा झाला.

राज्य सरकारनं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांसाठी ठेका देऊन माहितीप्रणाली आणली होती. ती रुळत होती, असं म्हणेपर्यंत 2022 च्या मध्यावर ठेकेदाराशी वाद होऊन बंद पडली. रुग्णालयं पुन्हा कागदावर आली. पुढे एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या प्रणालीकडे वळायचं ठरलं, म्हणजे नवे स्क्रीन आणि नवं प्रशिक्षण. निवासी डॉक्टर तीन वर्षांत बदलतात, कंत्राटी ऑपरेटर त्याहून लवकर. शिकवलेलं मुरायच्या आत शिकलेला माणूस गेलेला असतो. अशा एका अनुभवानंतर वॉर्डातल्या सिस्टरनं जुनं रजिस्टर चालूच ठेवलं, तर तिला हट्टी म्हणणं मला जमत नाही.

27 सप्टेंबर 2021 रोजी आरोग्य नोंदी डिजिटल करून जोडण्यासाठीचं केंद्राचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर लागू झालं. प्रत्येकाच्या आरोग्य खात्यासाठी 14 अंकी आभा क्रमांक आला, पाठोपाठ नोंदणीच्या खिडकीवर क्यूआर कोड लागले. खिडकीवरची रांग त्यानं कमी होऊ शकते, पण नोंद करण्याचा खरा भार आतल्या टेबलावर असतो. पेठांमधल्या छोट्या नर्सिंग होममध्ये रिसेप्शन, बिल आणि फोन एकच व्यक्ती सांभाळते. तिथे नोंदी टाइप करणं हे चौथं काम. या अडचणीवर उतारा म्हणून जानेवारी 2023 मध्ये केंद्रानं प्रोत्साहन योजना काढली. डिजिटल नोंदींच्या संख्येनुसार रुग्णालयाला आणि सॉफ्टवेअर कंपनीला पैसे, कमाल चार कोटींपर्यंत. रुग्णालयांसाठी सुरुवातीची अट किमान दहा खाटांची होती. टाइप करणाऱ्याच्या हातात त्यातलं काय पडायचं, हे रुग्णालयाच्या मर्जीवर.