हार्ड डिस्क कटकट करू लागली तर: दुकानात येईपर्यंत काय करायचं आणि काय टाळायचं

डिस्क बिघडली म्हणून आमच्याकडे येणारे बरेच जण आधी तीन-चार दिवस घरी खटपट करून येतात. भाचा येऊन बघून जातो, कुणी तरी एखादं सॉफ्टवेअर सुचवतं, रात्रभर स्कॅन लावून ठेवला जातो. पहिल्या दिवशी सहज निघाला असता असा डेटा चौथ्या दिवशी निघत नाही. हे पत्रक त्या तीन-चार दिवसांसाठी आहे.

डिस्क सहसा आधी कुरबुर करते. फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट लागतं. विंडोज सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन होतो. कॉपी होता होता एखाद्या फाइलवर सगळं अडकतं आणि डिस्कचा दिवा नुसता पेटलेला राहतो. कालपर्यंत उघडणारा फोटो आज अर्धा करडा दिसतो. असं काही दिसलं की कामं बाजूला ठेवा आणि महत्त्वाचं तेवढं दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. सगळी डिस्क एकदम ओढू नका. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी: घरचे फोटो, टॅलीचा डेटा फोल्डर, स्कॅन केलेले कागद. सिनेमे शेवटी, किंवा नाहीच. एखाद्या फोल्डरवर गाडी अडकली तर तिथे हट्ट करू नका. तो सोडून पुढचा घ्या.

ठरावीक लयीत ‘टक्... टक्... टक्’ असा आवाज येत असेल, तर मात्र कॉपी करण्याच्या फंदातही पडू नका. मशीन लगेच बंद करा. शटडाउन होत नसेल तर पॉवरचं बटण दाबून धरा. आत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असते आणि वाचणारं हेड तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. टक् म्हणजे हेडला जागा सापडत नाही, ते परत जाऊन पुन्हा शोधतं. अशात ते तबकडीला घासलं, तर जो थर खरवडला जातो त्यातच तुमचा डेटा असतो. तो कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

आता चेकडिस्कबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान आम्ही याच्यामुळे झालेलं पाहिलंय. विंडोज स्वतःच ‘डिस्क तपासू का?’ विचारतं आणि माणूस भाबडेपणाने हो म्हणतो. चेकडिस्क फाइलींची यादी सुसंगत करतं. तुमची फाइल वाचवणं हे त्याचं काम नव्हे. वाचता न आलेल्या नोंदी ते सरळ काढून टाकतं. शिवाय पूर्ण तपासणीत आजारी डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचायला लावतं. दमेकऱ्याला जिने चढायला लावण्यातला प्रकार. चांगल्या डिस्कवर खुशाल चालवा, कुरकुरणाऱ्या डिस्कवर नको. डेटा परत मिळवण्याचं सॉफ्टवेअरही त्याच डिस्कवर टाकू नका. ते नेमकं तुमच्या पुसल्या गेलेल्या फाइलींच्या जागी जाऊन बसू शकतं.

दर वेळी दोष डिस्कचाच असतो असंही नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर डिस्कची स्वतःची नोंदवही दाखवतं. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे बदललेले सेक्टर (डेटा ठेवायचे डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने खोळंबलेले सेक्टर. सी५चा आकडा शून्याच्या वर असेल आणि दोन दिवसांत वाढला असेल, तर डिस्क आमच्याकडे आणा. (हे आकडे सोळाच्या पद्धतीत दिसतात, म्हणजे तिथला १० हा आपला १६. घाबरायचंच तर नेमकं घाबरावं.) सी७ म्हणजे केबलवरून डेटा येताना झालेल्या चुका. तो वाढत असेल आणि बाकीचं स्वच्छ असेल, तर बहुधा साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) सैल किंवा खराब असते. डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) दमला तरी डिस्क मध्येच गायब होते. केबल बदलून भागलं, तर आम्ही केबलचेच पैसे घेतो.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर ओल धरते. टिचक्या मारू नका. स्क्रू काढून ‘जरा बघू’ तर मुळीच नको. आम्हीसुद्धा दुकानात डिस्क उघडत नाही. तिला धूळमुक्त खोली लागते आणि आमचं दुकान रस्त्याला लागून आहे. हेड गेलं असेल तर तशी सोय असलेल्या लॅबकडे पाठवावी लागते. तिथला खर्च बराच असतो, तो आधी विचारून मगच आम्ही पुढे जातो. तसल्याच दुसऱ्या डिस्कची सर्किट प्लेट लावणं ही जुनी युक्तीही आता सहसा चालत नाही, कारण प्लेटवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कपुरती माहिती असते.

एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसल्यामुळे आवाज नाही, आणि पुष्कळदा इशाराही नाही. आज चालू, उद्या डिटेक्टच होत नाही. तिच्यावरून पुसलेली फाइलही सहसा परत येत नाही. एसएसडी असेल तर बॅकअप आजच घ्या.

आमची पद्धत अशी: आधी तुमच्या डिस्कची हुबेहूब नक्कल चांगल्या डिस्कवर उतरवतो. सोपे भाग आधी, अडणारे शेवटी. पुढचं सगळं काम त्या नकलेवर. निरोगी १ टीबी डिस्क साधारण तीन तासांत उतरते, आजारी डिस्कला कधी तीन दिवस लागतात. तेवढा वेळ द्या, रोज फोन केल्याने ती भरभर वाचत नाही. फाइल उघडते की नाही हे तुमच्यासमोरच पाहतो.

वॉरंटी असली तरी लगेच कंपनीकडे देऊ नका. तिथून बदली डिस्क मिळते आणि जुनी आतल्या डेटासकट जाते.

येताना लॅपटॉपचा चार्जर आणा. एक्स्टर्नल डिस्क असेल तर तिची मूळ केबलही. विंडोज ११ असेल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) ४८ अंकी किल्ली शोधून ठेवा. बहुतेकदा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. तिच्याशिवाय नक्कल पूर्ण उतरली तरी आतलं काहीच वाचता येत नाही.