हमबकर स्प्लिट करताना कॉइलची निवड

तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा गिटारमधला भाग म्हणजे पिकअप. इलेक्ट्रिक गिटारच्या हमबकर पिकअपमध्ये शेजारी शेजारी दोन कॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या, असतात. स्विच ओढून त्यांतली एक बंद करायची आणि दुसरीवरच वाजवायचे, याला कॉइल स्प्लिट म्हणतात. आवाज थोडा बारीक होतो, पण मोकळा आणि टणत्कारी होतो, सिंगल कॉइल पिकअपच्या जवळ जातो. (एकाच कॉइलच्या मधल्या वेढ्यातून तार बाहेर काढणे म्हणजे कॉइल टॅप. बोलताना दोन्हींची गल्लत होते.) दोनपैकी कोणती कॉइल चालू ठेवायची याचा विचार मात्र फार थोडे वादक करतात, आले तसे वायरिंग राहू दिले जाते. खरे तर स्प्लिटचा आवाज कसा लागेल आणि दोन्ही पिकअप एकत्र असताना हम (विजेची घुमणारी गुणगुण) येईल की जाईल, या दोन्ही गोष्टी याच निवडीवर ठरतात.

विदर्भातल्या खेड्याला कॉइल नवी नाही. विहिरीवरची मोटर जळाली की ती तालुक्याच्या वाइंडिंगच्या दुकानात जाते आणि नवी तांब्याची तार भरून परत येते. पिकअपची तारही तशीच, इनॅमल चढवलेल्या तांब्याची. फक्त ती केसाइतकी बारीक, सुमारे ०.०६ मिमी जाडीची असते आणि एका कॉइलला साधारण ५,००० वेढे पडतात. गिब्सन कंपनीतले अभियंते सेथ लव्हर यांनी अशा दोन कॉइल जोडून पिकअप तयार केला आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. दोन्ही कॉइलखाली एकच चुंबक असतो. एका कॉइलच्या खांबांना (गिटारच्या तारांखालच्या लोखंडी तुकड्यांना) उत्तर ध्रुव मिळतो, दुसरीच्या खांबांना दक्षिण. जोडणीही उलटी असते. बाहेरून आलेला हम त्यामुळे एका कॉइलमध्ये सुलटा, दुसरीत उलटा होऊन पुसला जातो. गिटारच्या तारेचा आवाज मात्र ध्रुव आणि जोडणी अशा दोन्हींनी उलटतो, म्हणजे पुन्हा सुलटा होतो, आणि त्याची बेरीज होते. एक कॉइल बंद केली की हे संरक्षण संपते.

गावच्या मंडपात ते संपणे चांगलेच जाणवते. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा भागात दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. १४ एप्रिलच्या आसपास गावोगावी भीमगीतांचे कार्यक्रम असतात. लग्नसराईत ऑर्केस्ट्रा असतो. अशा ठिकाणी गिटार घेऊन उभे राहावे, तर पायाशी अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर, मागे जनरेटरची लांब केबल आणि डोक्यावर लाइटच्या माळा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. तिचा हम ४९ हर्ट्झच्या मंद्र जी स्वराच्या किंचित वर बसतो. पेटीवाल्यांच्या भाषेत ही पांढरी पाच, जराशी चढलेली. गायकाचा षड्ज पांढरी पाच असेल तर हा बेसुरा आधार रात्रभर त्याच्या कानाशी राहतो. म्हणून कॉइलची निवड बंद खोलीत बसून केवळ टोनवर करू नये, असे प्रस्तुत नोंदकाराचे ठाम मत आहे.

आवाजाचे गणित मुख्यतः जागेचे आहे. पिकअपच्या एका कॉइलवर बहुधा फिरवता येणारे स्क्रू असतात, दुसरीवर स्थिर खांब, म्हणजे स्लग. प्रचलित रचनेत ब्रिज पिकअपची (तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळच्या पिकअपची) स्क्रूची कॉइल ब्रिजकडे असते, नेक पिकअपची (गिटारच्या मानेजवळच्या पिकअपची) नेककडे. स्लगच्या दोन्ही कॉइल आतल्या बाजूला येतात. ब्रिजजवळ तार कमी हलते, त्यामुळे तिथली कॉइल धारदार पण पातळ वाजते. आतली कॉइल जाड लागते. दोन कॉइलच्या मध्यांतले अंतर सुमारे १८ मिमीच असते, पण ब्रिजलगत तेवढ्यानेही मोठा फरक पडतो, कारण ब्रिजपासूनच्या एकूण अंतराच्या मानाने ते बरेच आहे. नेकपाशी तेच १८ मिमी नगण्य ठरू लागतात. म्हणून कानाने निवड करायची ती आधी ब्रिज पिकअपची. स्प्लिट केल्यावर ब्रिजचा आवाज चिरका आणि दुबळा होतो, ही तक्रार बहुधा बाहेरची कॉइल ठेवल्याने येते.

आता दोन्ही पिकअप एकत्र. दोन्हीकडे स्लगचीच कॉइल ठेवली, आणि पिकअप एकाच बनावटीचे असले, तर दोघींचे ध्रुव आणि जोडणी सारखी पडते व हम तसाच राहतो. एकीकडे स्लग आणि दुसरीकडे स्क्रू ठेवला की दोन वेगळ्या पिकअपच्या कॉइल मिळून पुन्हा हमबकरसारख्या वागतात. नोंदकार ब्रिजला स्लगची आणि नेकला स्क्रूची कॉइल ठेवणे पसंत करतो. ब्रिजला भरदारपणा मिळतो, नेकला गोलाई, आणि पिकअप स्विच मधल्या जागेवर, म्हणजे दोन्ही पिकअप चालू असताना, हम जातो. मध्ये सिंगल कॉइल असलेल्या गिटारीत ही जोडी त्या मधल्या पिकअपशी जुळवावी लागते. पिकअप वेगवेगळ्या बनावटीचे असतील तर होकायंत्र खांबांवर धरावे. ज्या दोन कॉइल सुईची वेगवेगळी टोके ओढतात आणि एकत्र वाजवल्यावर आवाज नाकातून आल्यासारखा पोकळ होत नाही, त्या जोडीत हम जातो.

यासाठी पिकअप उघडावा लागत नाही, फक्त त्याला चार तारांची केबल हवी. दोन कॉइलचा मधला जोड ग्राउंडला दिला की ग्राउंडकडची कॉइल बंद होते आणि हॉटकडची (संकेत बाहेर नेणाऱ्या तारेकडची) राहते; तोच जोड हॉटला दिला की उलट. मधोमध बंद राहणारा तीन जागांचा छोटा टॉगल स्विच लावला तर पूर्ण हमबकर आणि दोन्ही कॉइल ऐकून पाहता येतात. रंगांवर मात्र विसंबू नये. सेमूर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये हॉट तार काळी आणि जोड लाल-पांढऱ्याचा. दिमार्झिओ कंपनीच्या पिकअपमध्ये हॉट लाल आणि जोड काळ्या-पांढऱ्याचा. कोणती कॉइल चालू आहे हे कळायला अॅम्प्लिफायर हळू ठेवून खांबांवर स्क्रूड्रायव्हर टेकवावा. चालू कॉइल जोरात टक् करते. दोन कॉइलचे वेढे कधी सारखे नसतात, म्हणून मल्टीमीटरने दोघींचा रोध मोजून घ्यावा. ८ किलोओहमच्या हमबकरची एक कॉइल साधारण ४ दाखवते.

फार हम येणाऱ्या जागी दोन्ही कॉइल समांतर जोडणे हा चांगला पर्याय आहे. रोध सुमारे २ किलोओहमवर येतो, आवाज स्प्लिटइतका उघडा नसला तरी स्वच्छ राहतो आणि हम येत नाही. मधला जोड थेट ग्राउंडला न देता मध्ये रेझिस्टर घातला तर दुसरी कॉइल थोडी जिवंत राहते. आवाजाला अंग येते, हमही काहीसा कमी होतो.

तारांना हात लावताच थांबणारी खरखर मात्र वेगळी. ती शिल्डिंगची (बाहेरचा विजेचा त्रास अडवणाऱ्या धातूच्या आवरणाची) उणीव आहे, कॉइल बदलून जात नाही. आणि मंडपाच्या वीजजोडणीला अर्थिंग आहे की नाही, हे गिटार जॅकला लावण्याआधी वायरमनला विचारावे. तारांवर हात आणि माइकला ओठ असताना बसणारा झटका जीवावर बेतू शकतो.