भाषा येते ती माणसाबरोबर

आईच्या मांडीवर ६-७ महिन्यांचं बाळ बसलंय. स्पीकरमधून 'त... त... त...' असा आवाज चालू आहे. मध्येच त्याचा 'ट' होतो आणि बाजूला एक खेळणं उजळून नाचायला लागतं. चार-पाच वेळा असं झालं की बाळाला गंमत कळते, मग 'ट' ऐकू येताच ते खेळणं दिसायच्या आधीच मान वळवतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांचा १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा कॅनडातला प्रयोग. बाळं इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली होती आणि 'त'-'ट' हिंदीतले होते. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हा फरक धड ऐकू येत नाही, पण या बाळांना येत होता. १० ते १२ महिन्यांच्या बाळांमध्ये मात्र ही जाण बरीचशी मावळलेली दिसली.

असं काही वाचलं की आई-वडिलांच्या पोटात गोळा येतो. वेळ निघून चाललीय म्हणून फ्रेंच, जर्मन, मँडरिन (चिनी) सगळंच एकदम सुरू होतं, आणि तेही बहुतेक वेळा पडद्यावर. बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोग नेमका इथेच उपयोगी पडतो. त्यांनी ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवली. जमिनीवर बसून, खेळणी आणि पुस्तकं दाखवत बाई-बुवा बाळांशी बोलत. अशा २५-२५ मिनिटांच्या १२ बैठका, म्हणजे एकूण ५ तास. तेवढ्यात ती बाळं मँडरिनचे खास ध्वनी ओळखायला लागली. दुसऱ्या गटाने तीच माणसं, तेच बोलणं व्हिडिओवर पाहिलं आणि ती बाळं काहीच शिकली नाहीत. दोष एकट्या पडद्याचा नाही. २ ते अडीच वर्षांची मुलं समोरचा माणूस थेट प्रतिसाद देत असेल तर व्हिडिओ कॉलवरही नवे शब्द शिकतात, असं पुढे दिसलं. मूल बघतं तिकडे बघणारं, ते हसलं की बोलायचं थांबून हसणारं कोणीतरी हवं असतं.

पण ध्वनी ओळखणं वेगळं आणि बोलणं वेगळं. बोलण्यासाठी तास लागतात. दोन वर्षांचं मूल दिवसाला साधारण १२ तास जागं असतं. त्यातून खाणं-रडणं-एकट्याने खेळणं वजा करा आणि उरलेला वेळ चार भाषांत वाटा. ज्या भाषेच्या वाट्याला जितकं बोलणं, साधारण त्या प्रमाणात तिचे शब्द. पोरं हुशार आहेत म्हणून हा हिशेब चुकत नाही.

दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांच्या अभ्यासक ॲनिक डी हाउअर यांनी बेल्जियममधल्या डच बोलणाऱ्या भागात १,८९९ कुटुंबांची पाहणी केली. घरात दुसरी भाषा होती म्हणून मुलं ती बोलत होती असं नव्हतं. एका पालकाने फक्त ती भाषा आणि दुसऱ्याने फक्त डच बोलायची, ही प्रसिद्ध रीत पाळूनही सुमारे चौथ्या हिश्शाच्या घरांत मुलं ती भाषा बोलत नव्हती. ज्या घरात दोघेही पालक ती दुसरी भाषाच बोलत, तिथे जवळपास सगळ्या घरांत ती टिकली होती.

मुलाच्या लेखी भाषा म्हणजे एक माणूस असतं. माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा तीन वर्षांचा असताना बाबांनी त्याला एकदा चुकून आईच्या भाषेत "पाणी हवंय का?" म्हणून विचारलं. त्याने सरळ बाबांच्या तोंडावर हात ठेवला. रागावला होता चक्क! एका वाक्यात दोन भाषांची सरमिसळ तोही करायचा, बहुतेक सगळी मुलं करतात. तो गोंधळ नसतो. हाताशी असलेला शब्द ती वापरतात.

मग जी भाषा आपल्यालाच अर्धवट येते तिचं काय? माझं मत स्पष्ट आहे. दिवसभर तीच बोलायचा हट्ट धरू नये. अंघोळ घालताना, झोपवताना तिला जरूर जागा द्या. पण मुलाने "पाऊस वरून का येतो?" विचारलं की उत्तर आपल्या भाषेत, पोटभर द्या. तोडक्यामोडक्या वाक्यांत गप्पाच आटतात, आणि ते नुकसान फार मोठं आहे.

भाषा आली म्हणून राहते असंही नाही. कोरियात जन्मलेली आणि ३ ते ८ वर्षांची असताना फ्रेंच कुटुंबांत दत्तक गेलेली काही मुलं मोठी झाल्यावर तपासली (हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला), तेव्हा कोरियन वाक्यं त्यांना इतर अनोळखी भाषांसारखीच वाटली. मेंदूच्या चित्रातही वेगळं काही दिसलं नाही. म्हणून "कुठली भाषा आधी?" असं कोणी विचारलं की मी विचारते, मूल दहा वर्षांचं होईल तेव्हा ते त्या भाषेत कोणाशी बोलणार आहे? आजी असेल, मावशी असेल, रोज खेळायला येणारी मैत्रीण असेल, तर तिची भाषा पहिली.