डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस : निदान आणि गोवा

गव्हातले ग्लूटेन हे प्रथिन सहन न झाल्यामुळे होणारा, पराकोटीची खाज आणि बारीक फोड आणणारा दीर्घकालीन त्वचारोग. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ लुई ड्यूरिंग यांनी १८८४ मध्ये त्याचे वर्णन केले. फोड नागिणीसारखे झुबक्याने येतात, पण रोगाचा त्या विषाणूशी संबंध नाही आणि तो संसर्गजन्यही नाही. रुग्णांच्या लहान आतड्यातही बिघाड असतो हे १९६६ मध्ये दिसून आले. ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा करणाऱ्या सीलिॲक रोगाचाच हा त्वचेवरचा अवतार मानला जातो, मात्र पोटाची तक्रार बहुतेकांना नसतेच.

पुरळ दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर, कुल्ल्यांवर, मानेच्या मागे आणि डोक्यात सारखे उठते. अखंड फोड डॉक्टरांना क्वचितच पाहायला मिळतो, कारण रुग्णाने तो आधीच खाजवून फोडलेला असतो. उरतात ओरखडे आणि खपल्या. गोव्याच्या दमट हवेत असे अंग दिसले की पहिला संशय खरूज, गजकर्ण किंवा इसबावर जातो. तो वावगाही नाही, ते आजार कितीतरी अधिक आढळतात. पण खरजेचे मलम घरातल्या सगळ्यांनी लावूनही एकट्याची खाज थांबत नसेल, तर वेगळा विचार करायला हवा.

इथे आहाराची चौकशी नीट करावी लागते. गव्हाचे विचारले तर ‘आम्ही भातच खातो’ हे उत्तर ठरलेले. जेवण म्हणजे उकड्या तांदळाचा भात आणि हुमण, हे खरेच. पण सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीचा भोंगा वाजला की घेतलेली पोई (गव्हाचा पाव), हॉटेलातली पाव-भाजी, रवा लावून तळलेला बांगडा, बिबिंकेतला मैदा यांना कोणी ‘गहू खाणे’ म्हणत नाही. डब्यातल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचे पीठ असते. तांदूळ आणि नाचणीत ग्लूटेन नसते.

निदानाचा खरा आधार त्वचेचा तुकडा. तो कुठून घेतला यावर सगळे अवलंबून असते. फोडाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर अंतस्त्वचेच्या उंचवट्यांच्या टोकांशी न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी साचलेल्या दिसतात. हे सूचक असते, निर्णायक नाही. निर्णायक तुकडा फोडाच्या शेजारच्या, वरून निरोगी दिसणाऱ्या कातडीचा. त्यावर थेट इम्युनोफ्लुरोसन्स (प्रतिपिंडे चमकवून दाखवणारी) तपासणी केली की त्याच टोकांशी आयजीए प्रतिपिंडांचे दाणेदार थर चमकतात. १९६९ मध्ये आढळलेली ही खूण आजही कसोटी आहे. थर दाणेदार नसून सरळ रेषेत असेल, तर तो लिनियर आयजीए हा निराळा रोग. हा दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की तपासणी वाया जाते. त्यासाठी नमुना टिकवणारे मिशेलचे द्रावण लागते. पेडणे किंवा काणकोणहून नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा असेल, तर बाटलीत काय आहे हे आधी विचारलेले बरे.

रक्तात टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या विकराविरुद्धची आयजीए प्रतिपिंडे आणि एकूण आयजीए पाहतात. एकूण आयजीएच कमी असेल तर पहिल्या तपासणीवर विसंबता येत नाही. सगळ्यांत मोठी घाई होते ती पथ्याची. कोणीतरी सांगितले म्हणून गहू सोडून महिने झाले की रक्तातील प्रतिपिंडे ओसरतात आणि अहवाल फसवा येतो. त्वचेतले थर मात्र पथ्य सुरू केल्यावरही दीर्घकाळ टिकतात. तपासण्या होईपर्यंत नेहमीचे खाणे चालू ठेवावे.

डॅप्सोनने खाज एक-दोन दिवसांत उतरते, तेव्हा निदानाला दुजोरा मिळतो. पण तेवढ्यावर शिक्कामोर्तब करू नये, कारण इतर काही रोगांतही त्याचा गुण येतो. हे औषध कुष्ठरोगावरही देतात, म्हणून नाव वाचून घरचे धास्तावतात; त्यांना आधीच समजावून सांगावे. गोळी देण्यापूर्वी जी-६-पी-डी विकराची रक्ततपासणी आवश्यक असते. त्याची कमतरता असलेल्यांत तांबड्या पेशी झपाट्याने फुटू शकतात. आतड्यावर डॅप्सोनचा परिणाम होत नाही. त्यासाठी ग्लूटेनमुक्त आहारच हवा, आणि त्याने त्वचा शांत व्हायला अनेक महिने लागतात. निदान पक्के झाल्यावर रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांचीही सीलिॲकसाठी तपासणी सुचवतात.