विटेतली सोनेरी फुलं

आपल्याकडे काळा चहा म्हणजे बिनदुधाचा, कोरा. चीनमध्ये त्याच आसामी पत्तीला 'लाल चहा' म्हणतात आणि 'हेइ छा', म्हणजे काळा चहा, हे नाव त्यांनी वेगळ्याच कुळासाठी राखून ठेवलं आहे.

रंग कुणी आणला, यात खरा फरक आहे. आसामच्या मळ्यात पान चुरडलं की पानातलीच विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि कापलेल्या सफरचंदासारखं ते पान तांबूस होतं. हेइ छाचं ताजं पान आधी तापल्या कढईत परततात, त्यामुळे ही विकरं बरीचशी निकामी होतात. पुढचं काम बुरशी, यीस्ट आणि जिवाणूंचं. चहाच्या धंद्यात साध्या पत्तीलाही 'फर्मेंटेड' म्हणायची सवय आहे, पण इडलीच्या पिठासारखा खरोखर आंबवलेला चहा म्हणजे हा.

या कुळातला युन्नान प्रांताचा 'शिजवलेला' पुएर चहा घ्या. 1973 साली खुनमिंगच्या कारखान्यात त्याची रीत बसवली गेली. पानांचे ढीग रचायचे, पाणी शिंपडायचं, झाकून ठेवायचे, मधूनमधून वरखाली करायचे. ढिगाच्या पोटातलं तापमान 50-60 अंश सेल्सिअसपर्यंत चढतं. दीड-दोन महिन्यांत ॲस्परजिलस जातीच्या बुरश्या आणि त्यांचे सोबती पानातल्या कॅटेचिन या तुरट द्रव्यांचे थिआब्राउनिन नावाचे मोठे, तपकिरी रेणू करून टाकतात. म्हणून हा चहा दिसायला कॉफीइतका काळा, पण जिभेला मऊ, जवळजवळ गुळचट लागतो. त्याचा जुन्या लाकडी कपाटासारखा वासही मुख्यतः सूक्ष्मजीवांच्याच कारभारातून येतो.

ग्वांग्शी प्रांतातला लिउबाओ एके काळी मलायातल्या कथिलाच्या खाणींत राबणाऱ्या चिनी मजुरांचा चहा होता. त्याच्या उत्तम प्रतीच्या गंधाला जाणकार 'सुपारीचा वास' म्हणतात. घरात पानाचा डबा पाहिलेल्या माणसाला हे वर्णन समजावून सांगावं लागत नाही.

माझा जीव मात्र हुनान प्रांताच्या फू विटेवर, म्हणजे विटेसारख्या दाबलेल्या फू चहावर. वीट कडेने हळूच फोडली की आत, काड्या-पानांच्या फटींत, मोहरीहूनही बारीक पिवळेधमक कण दिसतात. चिनी लोक त्यांना 'सोनेरी फुलं' म्हणतात. ही युरोटियम क्रिस्टॅटम या बुरशीची बीजाणूंनी भरलेली फळं. ती यावीत म्हणून विटा उबदार, दमट खोलीत काही आठवडे मुद्दाम ठेवतात. भिंग धरून पाहा, एकेक गोळा सुटा दिसतो. फुलं दाट तितकी वीट चांगली, असं मानतात. हिरवी, काळी किंवा पांढरी लव आणि कुबट वास दिसला, तर मात्र ती वीट सरळ टाकून द्या.

करायची पद्धत सोपी आहे. 100 मिलिलिटरच्या भांड्यात 5 ग्रॅम चहा, पाणी खळखळ उकळलेलं. नाजूक हिरव्या चहाला असं पाणी कडू करतं; इथे पानं जून, दाबलेली आणि तुरटपणा आधीच उतरलेला, म्हणून कोमट पाण्याला ती दाद देत नाहीत. पहिलं पाणी पाच-दहा सेकंदांत ओतून द्या. धूळ जाते, पानं सैल होतात. मग दहा सेकंदांचा घोट, पुढचा पंधराचा, असं वाढवत जा. तिन्ही चहा शेजारी मांडून प्यायलात तर फरक लगेच कळतो: पुएर दाट, लिउबाओ स्वच्छ आणि थंडावा देणारा, फू हलका, धान्यासारख्या गोडव्याचा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. चहाचं झुडूप मातीतलं फ्लोराइड जून पानांत साठवतं. विटांचा चहा दिवसभर पिणाऱ्या तिबेटी वस्त्यांत त्यामुळे दातांचे आणि हाडांचे विकार झालेले आहेत. तेव्हा वजन कमी होईल या आशेने तांबे भरभरून पिऊ नका. चवीसाठी प्या.

आणि सात-आठ वेळा पाणी घातल्यावर फूची पानं फेकू नका. पातेल्यात पाच मिनिटं उकळा. मंगोलियात विटांच्या उकळलेल्या चहात दूध-मीठ घालतात, तिबेटात याकचं लोणी. नुसतं उकळलंत तरी तळाशी राहिलेला गोडवा वर येतो.