मासिकातली गोष्ट पुस्तकात आली त्याची पार्श्वभूमी

कथासंग्रह मधूनच उघडावा, छोटी कथा आधी संपवावी, लांबलचक कथा रात्रीसाठी ठेवावी, ही वाचकाची जुनी चैन. मराठीत मात्र कथा आधी नियतकालिकांत नांदली. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये (१८९०) ‘स्फुट गोष्टी’ येत. १८९५ साली ‘मासिक मनोरंजन’ निघालं. त्याचे संपादक का. र. मित्र हे मूळचे आजगावकर, सावंतवाडीकडच्या आजगावचे. बंगालीच्या प्रेमापोटी त्यांनी ‘मित्र’ हे नाव घेतलं. मराठीतला पहिला मानला जाणारा दिवाळी अंक त्यांनीच १९०९ मध्ये काढला.

त्याच आजगावजवळच्या शिरोड्यात १९२० साली वि. स. खांडेकर शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. शाळा सांभाळून त्यांनी तिथे भरपूर कथा लिहिल्या. त्या काळच्या कथेला ठसठशीत कथानक आणि शेवटी कलाटणी लागे. मासिकात ते खपून जातं. संग्रहात तीच हातोटी तिसऱ्या-चौथ्या कथेला उघडी पडते. लेखकाची खरी परीक्षा संग्रहच घेतो, असं माझं मत.

१९४५ च्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने कथानकाची पकड सैल केली. काय घडलं यापेक्षा माणसाच्या मनात काय चाललंय, हे मोठं झालं. अशी कथा एकदा वाचून भागत नाही, म्हणून ती हाताशी, पुस्तकात असलेली बरी. नवकथा छापणारं ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडलं, तरी त्यात आलेल्या कितीतरी कथा संग्रहांमुळे आजही वाचायला मिळतात.

आणि ही पुस्तकं मिळायची कुठे? कोकणात वाचनालयं कथेच्याही आधीची: रत्नागिरीचं १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. पावसाळ्यात शेतीची कामं उरकून पुस्तक बदलायला जाणाऱ्याला कादंबरीपेक्षा संग्रह सोयीचा. वीज गेली तरी एखादी कथा पुरी झालेली असते.

शिरोड्याला लागूनच आरवली, जयवंत दळवींची. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई इथले. दळवींचा मिश्कीलपणा चाखत दोन-तीन कथा सलग होतात. खानोलकरांची एक कथा झाली की मात्र पुस्तक मिटावंच लागतं. त्या दाट, अशुभाच्या सावटाखालच्या गद्यावर लगेच दुसरी चढवली तर दोन्ही हातच्या जातात.