पांढऱ्या पेशींवरचा हल्ला रक्तात कसा पकडला गेला

मूल खेळतंय, जेवतंय. फार तर कान दुखतोय, तोंड आलंय. सीबीसीत पांढऱ्या पेशींची बेरीज ठीक, पण न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मात्र फारच कमी: ३००. घरात पहिली भीती ब्लड कॅन्सरची. पण कारण कधी वेगळंच असतं: शरीराने आपल्याच न्यूट्रोफिलविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडी, म्हणजे ऑटोइम्यून न्यूट्रोपेनिया.

हे सिद्ध व्हायला बराच काळ गेला. १९२२ मध्ये बर्लिनच्या वेर्नर शुल्ट्झने घसा सडून, पांढऱ्या पेशी संपून दगावणारे रुग्ण नोंदवले. पुढे अशा अनेक रुग्णांत अमिडोपायरिन हे वेदनाशामक दोषी ठरलं. १९५२ मध्ये मोश्लिन आणि वाग्नर यांनी त्या औषधाची बाधा झालेल्या रुग्णाचं रक्त निरोगी माणसाला दिलं, तर त्याच्याही पांढऱ्या पेशी घसरल्या. आज कुठलीच एथिक्स कमिटी याला परवानगी देणार नाही. पण मारेकरी रक्तातच आहे, हे त्यातून दिसलं.

नेमकं लक्ष्य सापडलं ते बाळंतिणींमुळे. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या परविझ लालेझारी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आईच्या अँटीबॉडी नवजात बाळाचे न्यूट्रोफिल मारू शकतात. त्यातून न्यूट्रोफिलचे स्वतःचे, रक्तगटांसारखे 'गट' कळले. १९७५ मध्ये त्यांच्याच चमूला एका रुग्णाच्या रक्तात अशाच एका गटाविरुद्धची अँटीबॉडी मिळाली. फरक इतकाच की ती त्याची स्वतःचीच होती.

अशी अँटीबॉडी तपासताना खरी अडचण पेशीची. लाल पेशी फ्रीजमध्ये कित्येक दिवस टिकतात. न्यूट्रोफिल काही तासांत बिघडतो, हात लावला की चिकटतो. शिवाय रुग्णाकडे ते मुळातच मोजके. म्हणून गट माहीत असलेल्या दात्याचं ताजं रक्त घ्यायचं, त्यातले न्यूट्रोफिल वेगळे करायचे आणि रुग्णाच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशीविरहित द्रवात, ठेवायचे. १९७७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रयोगशाळेने या पेशी पॅराफॉर्मल्डिहाइड या रसायनाने 'फिक्स' केल्या, म्हणजे आहेत तशा पक्क्या केल्या, आणि चमकणारा रंग जोडला: अँटीबॉडी चिकटली असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशीची कड हिरवी उजळते. हीच 'गिफ्ट' चाचणी. रक्त चढवलेल्यांत किंवा बाळंतपण झालेल्यांत मात्र एचएलए (शरीरातल्या बहुतेक पेशींवर असणारी ओळखखूण) विरुद्धच्या अँटीबॉडीही चिकटून घोळ घालतात. त्यावर १९९३ मध्ये जर्मनीत 'मायगा' आली. तिच्यात न्यूट्रोफिलवरचं नेमकं प्रथिनच वेगळं पकडून तपासतात.

तरीही पहिला रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, कारण अँटीबॉडीचं प्रमाण फार कमी असतं. मग काही आठवड्यांनी पुन्हा नमुना. तान्ह्या मुलांत बहुतेकदा काउंट दोन-तीन वर्षांत आपोआप वर येतो, त्यामुळे कित्येक डॉक्टर ताप आला की लगेच आणा असं बजावून वाट पाहणंच पसंत करतात.